क्रमांक नऊची चौदा मिनिटे

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे, माणसांचे बोलणे टिपून ठेवणारा. तळहातावर मावेल एवढा माझा जीव, वर एक लाल बटण, पोटात दोन बारीक सेल. सध्या माझा मुक्काम शिक्षणशास्त्र विभागाच्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात आहे. शेजारी वाळलेले मार्कर, एक मोडके स्टेपलर आणि कुठल्याशा कुलपाची किल्ली. ते कुलूप कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही, तरी किल्ली फेकायची हिंमत कुणी करत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. ज्या बाईंनी माझ्या पोटात तारा जोडल्या, त्यांनी माझ्यापाशी तोंड आणून "एक, दोन, तीन" असे म्हटले. मी ते जसेच्या तसे परत ऐकवले आणि पास झालो. आयुष्यात मी दिलेली ती एकच परीक्षा. पुढे ज्यांच्या संगतीत दिवस काढले, ती माणसे मात्र परीक्षांवरच जगत होती.

विभागात आल्यावर पहिली काही वर्षे मी व्याख्याने टिपली. एकदा तर व्याख्यानापेक्षा पहिल्या रांगेतल्या एका प्राध्यापकांचे घोरणेच अधिक स्पष्ट आले. तेव्हा मला वाटे, आपले काम म्हणजे नुसती हमाली. मग लगबग आली आणि मला खरे काम मिळाले.

लगबग हे तिचे नाव नव्हे. ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी; सतत जिन्यावरून धावत चढायची, म्हणून शिपाईकाकांनी हे नाव ठेवले होते. मनाने फार चांगली, कष्टाळू. खोड एकच. गोष्ट कागदावर आल्याशिवाय तिला खरी वाटत नसे. तिच्या प्रबंधाचे शीर्षक एका दमात म्हणता येणार नाही इतके लांब होते.

"ताई, थोडक्यात सांगा बरं," शिपाईकाका एकदा म्हणाले.

"काका, घरी वेगळी भाषा, वेगळी रीत असलेली मुलं शाळेत आली, तर शाळेनं स्वतःला कसं बदलायचं, आणि शिक्षकांना ते कसं शिकवायचं."

"मग असंच लिहा की!"

"असं लिहिलं तर पास करत नाहीत, काका."

ती मुलाखतीला निघाली की मी तिच्या पिशवीत असे आणि माझ्यासोबत एक संमतिपत्र असे. बोलणाऱ्याचे नाव कुठेही येणार नाही, आवाज कुणालाही ऐकवला जाणार नाही आणि पदवी मिळाली की तो पुसून टाकला जाईल, असे त्यात लिहिलेले असायचे. लोक ते ऐकून सही करत, अंगठा उमटवत, आणि मग मोकळेपणी बोलत. मला त्या कागदाचा मोठा अभिमान होता. एखाद्याचे गुपित पोटात ठेवायचे म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचे काम नाही, असे मी स्वतःलाच सांगत असे.

कापड रंगवण्याच्या कारखान्यामागे एक शाळा होती. कारखान्यातली बरीच कुटुंबे दूरवरून आलेली, त्यांची बोली वेगळी. दुसरीच्या वर्गात बावन्न मुले आणि एक बाई. बाई वाईट मुळीच नव्हत्या. तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आल्या होत्या, तिथे 'प्रत्येक मूल वेगळे' असा रंगीत तक्ता करून आल्या होत्या आणि तो त्यांनी भिंतीवर लावलाही होता. मुलांची डोकी इतकी दाटीने बसत की मागच्यांना तो तक्ता दिसत नसे.

त्या वर्गात तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती. तिच्या पाठचे दोन भाऊ, म्हणून घरात तिला थोरली म्हणत. दीड वर्षात ती वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. बाईंनी वहीत तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असे लिहून ठेवले होते. ओळीने सोळा वेळा. लगबगने आपल्या वहीत तिला विद्यार्थिनी क्रमांक नऊ केले आणि एका दुपारी ती मला घेऊन तिच्या घरी गेली.

एक खोली, तिच्यातच चूल, बाहेर दोऱ्यांवर ओल्या चादरी. बाप रंगारी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि ते कितीही घासले तरी तसेच राहत. मला एका पालथ्या बादलीवर ठेवले, लाल बटण दाबले. थोरलीने मला निरखून पाहिले, बोटाने हळूच ढोसले आणि बोलायला लागली ती लागलीच. पावडर किती मुठी टाकायची, पाणी कितपत तापवायचे, रंग फुटला की त्याला कसा वास येतो, बाबा चिडले की कसे शिट्टी वाजवतात! मला तिची बोली कळत नव्हती. मी नुसता आवाज साठवत होतो. पण तो आवाज एखाद्या नळाची चावी सुटावी तसा वाहत होता. बाप हसत हसत लगबगला एकेक वाक्य उलगडून सांगत होता.

मधेच तो तिला म्हणाला, "एका दोरीवर अकरा चादरी, अशा सात दोऱ्या. चार चादरींना डाग पडला, त्या काढल्या. वाळत किती राहिल्या?"

"त्र्याहत्तर," ती आपल्या बोलीत ताडकन म्हणाली आणि पुन्हा रंगांकडे वळली.

"मग शाळेत का गं बोलत नाही ही?" लगबगने चुलीपाशी बसलेल्या आईला विचारले.

आई जरा संकोचली. "आमच्यात कसं आहे ताई, जे आपल्याला ठाऊक असतं ते कुणी दुसऱ्याला विचारत नाही. विचारलं तर ती थट्टा. बाई हिला विचारतात, तुझं नाव काय? अहो, बाईंच्या वहीत लिहिलंय की! फळ्यावर दोन आणि दोन लिहितात आणि विचारतात किती. हिला वाटतं, सगळ्यांसमोर आपली फजिती करतायत. म्हणून गप्प राहते."

"आणि बाबांनी आत्ता विचारलं ते?"

"त्यांना खरंच मोजायचं होतं. संध्याकाळी माल द्यायचाय."

चौदा मिनिटे झाली. लगबगचे डोळे लकाकत होते. बाहेर पडताच तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. "सर, सोनं सापडलं!" मित्रांनो, तेव्हा मलाही तसेच वाटले. मी स्वतःला तिजोरी समजू लागलो.

पंधरा दिवसांत शाळेतून घरी चिठ्ठी गेली. मुलगी शिकण्याजोगी दिसत नाही, तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या विशेष शाळेत हलवावे, सोमवारी पालकांनी येऊन मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, भेटावे. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. आईबाप दोघेही पहाटेपासून कामावर. तिला पोचवणार कोण? त्या शाळेत नाव घालणे म्हणजे शाळा सुटणे, हे बापाला न सांगता कळले. तो अर्धा दिवस बुडवून विभागात आला आणि निळे हात पाठीमागे धरून दारात उभा राहिला.

"ताई, तुमच्याकडे पोरीचा आवाज आहे. तो मोठ्या बाईंना ऐकवा. एवढंच करा."

"दादा, तसं चालत नाही हो. आवाज कुणाला ऐकवणार नाही, असा शब्द दिलाय मी."

"कुणाला दिलाय?"

"तुम्हालाच."

"मग मीच सोडवतो की तुम्हाला त्या शब्दातून!"

मला आजही वाटते, त्या दिवशी त्या इमारतीत एवढे शहाणपणाचे वाक्य दुसरे कुणी बोलले नसेल. लगबग सरांकडे गेली. सर म्हणाले, "अगं, पालकांचं तोंडी म्हणणं पुरत नाही. विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे परवानगीचा अर्ज कर. आणि तू निरीक्षक आहेस, हे विसरू नकोस. मधे पडलीस तर शाळेत जे आपोआप घडायचं ते घडणारच नाही. मग तुझा अभ्यास कसला?" समितीची बैठक चार महिन्यांनी होणार होती. लगबगने त्याच दिवशी अर्ज लिहिला, तीन प्रती काढल्या आणि आपण करायचे ते केले, असे तिला वाटले.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे जमले. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, बाप आणि मधोमध थोरली. तिची वेणी घट्ट घातलेली होती. लगबग कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी, पिशवीत मी.

"बाळ, तुझं नाव काय?" मोठ्या बाईंनी विचारले. नाव त्यांच्यासमोरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत होते. थोरली बापाकडे बघत राहिली.

"बरं, शंभरापर्यंत आकडे म्हणून दाखव."

थोरलीने मान खाली घातली. बाप कळवळून म्हणाला, "घरी बोलते हो बाई! खूप बोलते. या ताईंना विचारा."

सगळ्यांनी लगबगकडे पाहिले. तिचा हात पिशवीत आला. तिचा अंगठा माझ्या बटणावर टेकला. घामाने ओला झालेला तो अंगठा मला अजून आठवतो. दाब, दाब, असे मी मनात म्हणत होतो. माझ्या अंगावर बटण होते, पण बोट माझे नव्हते. हात वर गेला तेव्हा त्यात रुमाल होता.

"मी... मी फक्त निरीक्षणासाठी आलेय," ती म्हणाली आणि तिने तोंड पुसले.

पुढे सह्या झाल्या. थोरलीची शाळा सुटली. विशेष शाळेत ती आठच दिवस गेली, मग दोन भावांना सांभाळायला घरी राहिली. लगबगने त्या सोमवारचे फार बारकाईने टिपण केले. कोण कुठे बसले, कोण किती सेकंद गप्प राहिले. पुढे त्यावरच तिने चाळीस पानांचे प्रकरण लिहिले. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न मुलाला कसा गप्प करतो, हा त्याचा गाभा होता. लिहिताना ती अधूनमधून रडायची. पण रडणे प्रबंधात धरत नाहीत.

समितीचे परवानगीचे पत्र पाच महिन्यांनी आले. त्यावर तीन शिक्के होते. लगबग मला घेऊन धावत शाळेत गेली. मोठ्या बाईंच्या टेबलावर मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. थोरलीचा आवाज खोलीभर झाला, मागोमाग बापाचा, अकरा चादरी, सात दोऱ्या. आईचे बोलणे सुरू झाले तशा वर्गाच्या बाई उठून खिडकीपाशी गेल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"मला कुणी सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या. "मी बदलले असते हो. खरंच बदलले असते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "आजच्या आज घेऊन या तिला."

त्याच दुपारी वर्गाच्या बाई आणि लगबग तिच्या घरी गेल्या. थोरली धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. आईने दोघींना आत बसवले, पाणी दिले. मला पुन्हा त्याच पालथ्या बादलीवर ठेवले आणि बटण दाबले. आपला आवाज ऐकून ती हसेल, अशी माझी खात्री होती. ती हसली नाही. ती मला बघत राहिली, जणू आत कुणी परकी पोर कोंडली आहे.

लगबग तिच्याजवळ वाकली आणि लाडाने म्हणाली, "ओळखलंस का, कोण बोलतंय हे?"

जिने उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नावर चाळीस पाने लिहिली होती, तिच्याच तोंडून तसाच प्रश्न बाहेर पडला होता. थोरलीने भावाला खाली ठेवले. मग शाळेच्या भाषेत, अगदी स्पष्ट, ती दोन शब्द बोलली. शाळेतल्या कुणाशी ती बोलली ते हेच पहिले आणि शेवटचे शब्द.

"बंद करा."

लगबगने मला बंद केले. आई हलक्या आवाजात म्हणाली, "हल्ली घरीसुद्धा फारशी बोलत नाही ती." बाईंनी पुष्कळ समजावले, दोन दिवस येऊन गेल्या. थोरलीने भावाचा हात सोडला नाही. उन्हाळ्यानंतर कारखान्याचे काम दुसरीकडे हलले आणि ते कुटुंबही गेले.

प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी क्रमांक नऊचे प्रकरण सर्वांत प्रभावी ठरवले. पेढ्यांचा डबा फिरला, शिपाईकाकांनी दोन पेढे घेतले. नंतर लगबग एकटी बसली आणि नियमाप्रमाणे माझ्यातली एक्केचाळीस ध्वनिमुद्रणे एकेक करून पुसू लागली. नवव्यापाशी ती फार वेळ थांबली. मग म्हणाली, "शब्द दिलाय," आणि तेही पुसले. ह्या वेळी मात्र तिला त्या शब्दातून सोडवायला कुणी आले नाही. आज ती शिक्षकांना प्रशिक्षण देते. चांगले देते म्हणतात. पण शिपाईकाका सांगतात, बोलता बोलता मधेच थांबते.

मित्रांनो, मला धूळ बसली याचे दुःख नाही. वस्तूला धूळ बसायचीच. दुःख याचे आहे की तो आवाज कसा होता, हे आता मलाही सांगता येत नाही. एवढेच सांगता येते की तो होता, चौदा मिनिटांचा, आणि ज्या सोमवारी त्याची गरज होती त्या सोमवारी तो माझ्यापाशीच होता. तुमच्या वर्गात कुणी गप्प बसत असेल, तर त्याला काही विचारा. पण जे तुम्हाला खरोखरच ठाऊक नाही, तेच विचारा. आणि त्याने जे सांगितले ते त्याच्या कामी येणार असेल, तर कागदाची वाट पाहू नका. त्यालाच विचारा, सांगू का? तो हो म्हणाला, की त्याच दिवशी सांगा.