निळा पट्टा

अल्माने ताज्या खुंटावर तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. चीक अजून ओला होता. सालीवर निळ्या पट्ट्याचा तुकडा तसाच शिल्लक होता. निळा पट्टा म्हणजे हे झाड राखायचं, याच्या बियांतून पुढचं रान उठायचं. रानातले सर्वांत सरळ पाइन निवडून ते पट्टे तिनेच मारले होते. ती आठवडाभर बोस्टनला लेकीकडे काय गेली, धाकट्या भावाने, लॉइडने, नेमके तेच पाइन तोडून लाकडाच्या गिरणीला घातले.

"हीच सापडली तुला?"

"गिरणीला वाकडी नको असतात," लॉइड म्हणाला. "आणि आहेत की अजून झाडं. त्यांचंही बी पडतंच."

उरली होती ती वेडीवाकडी, लहानपणी सोंडकिड्याने शेंडा खाल्लेली. तिला लॉइडची किळस आली. बायकोने हाकलल्यापासून हा माणूस तिच्याच घरात राहत होता, तिच्याच हातचं खात होता.

"संध्याकाळपर्यंत सामान भर. मला तुझं तोंड बघायचं नाही. आणि करवत दे इकडे. या भंगाराची पिलावळ माझ्या रानात नको."

त्याने करवत दिली.

पहिल्या वाकड्या झाडापाशी जाईपर्यंत तिची मान भाजून निघाली. या रानात असं ऊन कधी लागलं नव्हतं. झाडाच्या सावलीत गुडघाभर रोपं उभी होती, शेंडे सरळ. पलीकडे रस्त्यालगत, जिथे पहिल्यापासून उघडं होतं, तिथल्या रोपांचे शेंडे छत्रीच्या मुठीसारखे वाकून वाळले होते. सोंडकिडा उन्हातलीच रोपं धरतो. म्हणजे हे झाडही वाकड्या रक्ताचं नव्हतं. कोवळं असताना उन्हात सापडलं होतं, एवढंच.

मग करवत खाली ठेवून तिने गाडीतून रंगाचा डबा आणला आणि त्या बुंध्याभोवती निळा पट्टा ओढला.

लॉइड हसला. "हे राखायचं?"

"सावली देतं. तुझ्याकडून तेवढीही नाही."

ती एकेक झाड रंगवत गेली. किळस काही कमी झाली नव्हती. त्याच्या घामाचा वाससुद्धा तिला सोसवत नव्हता. तो न सांगता डबा उचलून मागे चालत राहिला.

शेवटचं झाड झालं. अल्माने त्याच्याकडे पाहून तोंड वाकडं केलं, त्याचा दंड धरला आणि कुंचला त्याच्या बाहीभोवती फिरवला, एक पूर्ण फेरा.