कासऱ्याचे दुसरे टोक

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे. कासरा म्हणजे बैलाच्या वेसणीला बांधून धन्याच्या हातात राहणारा दोर. तुमच्यातल्या पुष्कळांनी ट्रॅक्टरच पाहिले असतील, म्हणून हे आधीच सांगून टाकले. शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात, रेल्वेच्या रुळांना लागून हिलाल आबांचे शेत आहे. तिथल्या गोठ्यात, दाराजवळच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो.

मला आबांनी स्वतः वळले. अंबाडी कुजवली, धुतली, तिचा वाख, म्हणजे सालीचा धागा, काढला आणि मांडीवर पीळ देत देत मला लांबवले. सैल पिळाचा दोर आणि सैल हाताचा माणूस, दोन्ही कामाचे नाहीत, असे ते वळताना म्हणत. ते ऐकतच मी तयार झालो, त्यामुळे माझा स्वभावही तसाच घडला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण तुम्ही टोमणा म्हणून वापरता. मला ती नेहमी माझ्या कौतुकाचीच वाटत आली.

आबांची ख्याती होती ती गोऱ्हे शिकवण्यात. गोऱ्हा म्हणजे अजून औताला न जुंपलेला तरणा बैल. आसपासच्या गावांतले लोक आपले गोऱ्हे आबांकडे आणून सोडत. पाखऱ्या नावाचा एक गोऱ्हा मला चांगला आठवतो. आला तेव्हा तो सारख्या उड्या मारायचा, आबांच्या पाठीला डोके घासायचा, मधूनच हलकी ढुशी द्यायचा. प्रत्येक ढुशीला त्याच्या अंगावर माझा फटका बसे. पोळ्याच्या आत तो मान खाली घालून सरळ चालू लागला आणि लोकांनी आबांना शाबासकी दिली. त्या शाबासकीत माझाही वाटा आहे, असे मी धरून चाललो. वर्षभर राबायचे आणि पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवून, झूल पांघरून, पुरणपोळी खाऊन मिरवायचे, हा बैलांचा कायदा होता. त्यात काही चुकते आहे, असे तेव्हा कुणाच्याच मनात आले नाही.

पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले. आबांनी शेवटची बैलजोडी विकली आणि मी खुंटीवर गेलो. कोळ्याने माझ्यावर जाळे विणले, एका उंदराने माझे चार धागे कुरतडून नेले. कामाची सवय असलेल्याला रिकामे राहणे किती जड जाते, हे मी त्या दिवसांत सोसले.

मला खाली उतरवले ते एका कुत्र्याच्या पिल्लासाठी. त्याचे असे झाले, की शिवारात रानडुकरे फार माजली होती. आबांचा जुना कुत्रा एकदा त्यांच्या मागे धावला. आबा हाका मारत राहिले, तो मागे फिरला नाही. सकाळी तो बांधाजवळ फाटलेला सापडला. आबांनी त्याला स्वतःच्या हाताने पुरले. मग शेजारच्या शेतातल्या गिरधरने आपल्या कुत्रीचे एक भुरकट पिल्लू आणून दिले. त्याचे नाव भुऱ्या ठेवले.

“याले आसा शिकाडसू, का हाक मारताच मांगे फिरी,” आबा म्हणाले.

तेवढे एकच त्यांना हवे होते. भुऱ्याने हाकेला यावे, म्हणजे तो जगेल.

आबांना शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती, आणि ती गोऱ्ह्यांची होती. सकाळ झाली की माझे टोक भुऱ्याच्या गळ्यात पडे. बस, थांब, सोड. चुकला की हिसका. पिल्लू शेपटी हलवत आबांच्या धोतराला झोंबले की पुन्हा हिसका. “कामनं जनावर शे ते. खेयामा गयं ते वाया गयं,” असे ते म्हणत, म्हणजे खेळात गेले ते वाया गेले. भुऱ्या हुशार होता. बसायला, थांबायला, तोंडातले सोडायला तो लवकर शिकला. फक्त आबांनी “आठे ये”, म्हणजे इकडे ये, म्हटले, की तो येत नसे. कान पाडून एकेक पाऊल मागे सरके. मग आबा चिडत, त्याला धरून आणत आणि माझ्या हिसक्याने धाक दाखवत. दुसऱ्या दिवशी तो आणखी मागे सरके.

आबांच्या पत्नी कमलबाई हे सगळे पाहत होत्या. दुपारी आबांचा डोळा लागला की त्या भुऱ्याला मोकळे करत आणि माझे एक टोक धुळीतून सापासारखे ओढत पळत. “भुऱ्या, पोया शे रे, पोया,” असे म्हणत. खानदेशात पोळ्याला पोया म्हणतात. ते पिल्लू असे काही सुटे, की विचारू नका. झडप घालून मला दातात धरे, गुरगुरे, ओढे. बैलांच्या नाकाशी उठबस असलेला मी, आणि आता माझे टोक एका पिल्लाच्या लाळेने भिजलेले. मला मनापासून राग येई. शिवाय कमलबाईंचा हात फारच मऊ. भुऱ्याने त्यांचे लुगडे फाडले, बोटाला दात लावला, तरी त्या नाही म्हणत नसत.

एकदा आबांनी हा खेळ पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कमलबाईंनी मात्र काम न थांबवता सांगितले, “तुम्ही त्याले फक्त बांधासाठे बलावतस. मंग तो कसाले यी?”

“मी इतला गोऱ्हा शिकाडात. तू माले शिकाडस का?”

“बैलले वरीसमा एक पोया पुरस,” कमलबाई म्हणाल्या. “कुत्राले रोज पोया लागस.”

आबा मला हातात गुंडाळून निघून गेले.

पावसाळा संपला होता, भुईमूग काढणीला आला होता. त्या दिवशी कमलबाई बाजारासाठी शिंदखेड्याला गेल्या होत्या. आबांनी भुऱ्याला पाणी पाजायला पाटावर नेले आणि मला त्याच्या गळ्यातून सोडवले. तेवढ्यात एक टिटवी ओरडत उडाली. भुऱ्या तिच्या मागे धावला तो थेट रेल्वेचा भराव चढून रुळांवर जाऊन उभा राहिला.

वळणाआडून मालगाडीची शिट्टी ऐकू आली.

आबा भरावाखाली पोचले. मी त्यांच्या मुठीत होतो. “भुऱ्या, ये. आठे ये,” त्यांनी हाक मारली. भुऱ्याने आबांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो मागे सरकला, दोन्ही रुळांच्या बरोबर मधोमध. आबा पुढे झाले तसा तो आणखी मागे गेला. रूळ थरथरू लागले होते. मित्रांनो, आयुष्यभर जनावरे माझ्या धाकाने चालली याचा मला अभिमान होता. त्या क्षणी एक पिल्लू माझ्या धाकाने मरायला निघाले होते, आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

पलीकडे गिरधर भुईमूग उपटत होता, त्याच्या बांधावर चार बायाही होत्या. सगळे उभे राहून पाहू लागले. या सगळ्यांनी आबांना मातब्बर माणूस म्हणूनच पाहिलेले. आबांनी माझे एक टोक जमिनीवर टाकले, भुऱ्याकडे पाठ फिरवली आणि मला मातीतून ओढत ते शेताकडे पळू लागले. वाटेत टोपी पडली. “पोया शे रे भुऱ्या,” ते ओरडत होते, “पोया शे, पोया.” मागे वळून पाहायची त्यांची छाती होत नव्हती.

मी मात्र मातीतून मागेच पाहत होतो. भुऱ्याने कान उभे केले. एक उडी मारून तो रुळांवरून भरावावर आला आणि घरंगळत, धडपडत माझ्यामागे धावला. त्याचे दात माझ्यात रुतले आणि पाठोपाठ मालगाडी धडधडत निघून गेली.

आबा मटकन खाली बसले. त्यांची मूठ माझ्यावर आवळली. ही मूठ माझ्या ओळखीची होती. माणूस फार घाबरला की त्याचा हात उठतो. हात उठला असता, किंवा त्यांनी मला निमूट भुऱ्याच्या गळ्यात घातले असते, तर पोया हा शब्दही त्या पिल्लाच्या लेखी कायमचा संपला असता. आबांनी मूठ सैल केली. मग त्यांनी मला हलकेच ओढले. भुऱ्याने उलट ओढले. आबांचे डोळे भरून आले होते, तरी ते ओढत राहिले.

थोड्या वेळाने सवयीने ते म्हणाले, “सोड.”

भुऱ्याने मला सोडले आणि तो मान खाली घालून उभा राहिला, गळ्यात दोर पडायची वाट पाहत. आबांनी माझे टोक उचलले आणि पुन्हा त्याच्या तोंडात दिले.

गिरधर धावत आला होता. धाप लागलेली असतानाही त्याला थट्टा सुचली. “आबा, आज कसाना पोया?”

“आम्हना घर आते रोज शे,” आबा म्हणाले.

तेव्हापासून सकाळी काम असते आणि कामाच्या शेवटी खेळ असतो. खेळातही बस आणि सोड हे शब्द असतातच, त्यामुळे कमलबाईंची लुगडी आता फाटत नाहीत. भुऱ्या मोठा झाला आहे. डुकरांवर जातो आणि हाकेला परततो. माझे टोक मात्र पार विसविशीत झाले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आले तर त्याला जरूर शिकवा. न शिकलेले पिल्लू रस्त्यावर, रुळांवर जीव गमावते. पण त्याला फक्त बांधण्यासाठी हाक मारू नका. दोराचे एक टोक आपल्या हातात ठेवा आणि दुसरे रोज थोडा वेळ त्याच्या दातात द्या. दोर झिजेल, झिजू द्या. दोर पुन्हा वळता येतो.