पाठ नसलेला गाऊन

"शी! कुणाच्या घामाचा वास येतोय याला?"

मला अंगावर चढवणारा प्रत्येक जण आधी हेच पुटपुटायचा. माझी कॉलर त्याच्या नाकाखालीच असायची, त्यामुळे मला नीट ऐकू यायचं. वास कुणा एकाचा नाही हो. पुष्कळांचा आहे.

मित्रांनो, मी एक जुना काळा गाऊन आहे. सदाशिव पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत खिळ्याला टांगलेला असतो. पदवी मिळाली की मुलं इथे यायची, मला घालायची, लाल फीत बांधलेली कागदाची गुंडाळी हातात धरायची आणि फोटो काढून जायची. मला पाठ नाही. शिंप्याने कापड वाचवलं. कॅमेऱ्याला मागचं कुठे दिसतं, म्हणाला. बारीक असो की जाड, मागून टाचण्या लावून मला प्रत्येकाच्या मापाचा करायचे.

मालक संपतराव पक्के पेठेतले. "मान वर करा. पदवी मिळालीय, शिक्षा नाही झाली," असं गिऱ्हाइकाला सुनवायचे. पण मला उन्हात घालायचे, खांद्यावरची धूळ झटकायचे. आता हाताहातांत मोबाइल आले. मला कुणी झटकत नाही. बाहीला कसर लागली आहे. तुमच्या घरी असं एखादं जुनं वस्त्र असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, एवढीच विनंती.

झटपट शिकणारी माणसं नसतातच असं मी म्हणणार नाही. यवतमाळची पूर्णिमा आजारपणात बुडालेल्या वर्षाचे आणि शेवटच्या वर्षाचे पेपर एकदमच देऊन आली होती. संपतरावांनी सहज विचारलं, "अवघड काय गेलं?" तर ती बोलतच सुटली. शेवटी संपतराव म्हणाले, "बाई, तोंड मिटा, फोटो हलतोय." खरं शिकलेल्याला विचारून बघा, त्याला सांगायला फार असतं.

पुण्यात नव्यानेच कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. वारज्याचे सर्जेराव सहकुटुंब आले. त्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या होत्या. सोबत मुलगा रणजित, बायको शकूबाई आणि धाकटी अपेक्षा. चौकात अभिनंदनाचा बोर्ड लागायचा होता, त्यासाठी रणजितचा फोटो हवा होता.

"तीन वर्षांची डिग्री पोरानं एका वर्षात काढली," सर्जेराव म्हणाले.

"वा! आमच्याकडे फोटोसुद्धा एवढ्या लवकर धुऊन मिळत नाही," संपतराव म्हणाले. "विषय कोणता?"

रणजितने बापाकडे पाहिलं.

"कॉम्प्युटर," सर्जेरावांनी सांगितलं.

"आणि कॉलेज?"

"लांब हाय. तिकडं, वरच्या बाजूला. तुमी फोटो काढा की."

शकूबाई जमिनीकडे बघत होत्या. संपतरावांनी पुढे विचारलं नाही. फोटो निघाला. रणजितच्या छातीवर मी ताठ बसलो होतो आणि त्याचं काळीज मात्र उंदरासारखं पळत होतं.

अपेक्षा भावाचा कंगवा आणि रुमाल धरून उभी होती. ती सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला पहिल्या वर्गात पास झाली होती. हळूच म्हणाली, "दादा, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश उद्या बंद होतोय."

बापालाच ती दादा म्हणायची.

"बंद होऊ दे. ही आमची गोगलगाय बरं का, संपतराव! भावाचं एका वर्षात झालं आणि हिचं दोन वर्षांतबी न्हाई. डोकंच न्हाई. रविवारी पाव्हणे बघायला येत्यात. पोहे कर चांगले, त्यात पास हो."

रणजित हसला. अपेक्षाचे डोळे भरले, तसा सर्जेरावांना आणखी चेव आला. मला मुलाच्या अंगावरून ओढून त्यांनी तिच्या अंगावर फेकलं.

"घे, घालून घे एकदा. तुझ्या नशिबात एवढाच. फोटो काढू नका हो, रोल वाया जाईल."

तिने हात बाह्यांत घातले, कारण बापाने सांगितलं होतं. मी तिच्या खांद्यांवरून घसरत होतो. 

शकूबाई उठल्या. टाचण्यांची डबी घेतली, टाचण्या दातांत धरल्या आणि लेकीच्या मागे जाऊन मला एकेक टाचणी लावू लागल्या. सावकाश, नीट.  शेवटची टाचणी लागली आणि त्यांचं तोंड मोकळं झालं.

"फोटो काढा हिचा," त्या संपतरावांना म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, रणजित एक दिस कॉलेजात गेला न्हाई. ती डिग्री तुमी इकत आणलीया. आपल्या घरात शिकलीया ती फकस्त ही."