शिवदास मिस्त्रींची सरळ दोरी

मित्रांनो, मला कुणी वाकडं म्हटलेलं खपत नाही. मी ओळंबा. दोरीच्या टोकाला लटकणारं मूठभर पितळ. भिंत सरळ उभी आहे का, ते गवंडी माझ्यावरून ताडतो. स्वभावानं मी चुळबुळ्या, झुळूक आली तरी हलतो. पण एकदा स्थिरावलो की माझी दोरी खोटं बोलत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी शिवदास मिस्त्रींनी मला कुर्ल्याच्या बाजारातून घेतलं. मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांच्या भिंती आम्ही दोघांनी उभ्या केल्या. "शिवदासची भिंत तपासायला लागत नाही," असं मुकादम म्हणायचा आणि मी पितळेचा असूनही फुगायचो. मग मिस्त्रींचे गुडघे कुरकुरू लागले. गोवंडीच्या घरात, पत्र्याच्या पेटीत मी थापीशेजारी पडून राहिलो. तो काळोख मला सोसवत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या लेकीनं, संघमित्रानं, मोरीला आडभिंत घालायचं ठरवलं. सत्तरी उलटलेले मिस्त्री हट्टाला पेटले. "माझ्या घरची भिंत दुसरा कोण बांधणार?" मी बाहेर आलो आणि आनंदानं कितीतरी वेळ झुलत राहिलो.

चार थर चढले. मिस्त्रींनी मला धरलं, डावा डोळा मिटला आणि थबकले. "दोरी वाकलीय."

दोरी बदलली, तरी तेच. मग म्हणाले, भिंतच वाकडी आहे. चांगली भिंत त्यांनी फोडली, पुन्हा बांधली, पुन्हा फोडली. त्यांचा जुना जोडीदार अंबादास विटा द्यायला आला होता. तो हसला. "नाचता येईना अंगण वाकडं. वय झालं मिस्त्री, ठेवा आता थापी."

मिस्त्रींनी मला पेटीत भिरकावलं. मला राग आला नाही, भीती वाटली. दोरी सरळ होती, भिंत सरळ होती. मग बिघडलं काय होतं? मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

संघमित्रानं मला उचलून दाराच्या चौकटीला टांगलं. "बाबा, सरळ तर आहे. तुम्ही बघता कसं?"

"गवंडी बघतो तसंच. डावा मिटून."

"मग आता उजवा मिटा ना."

मिस्त्रींनी मिटला. "सरळ आहे गं," ते हळूच म्हणाले. "उजव्यानं तर तुझं तोंडसुद्धा मधोमध पुसल्यासारखं दिसतं. मला वाटलं, चष्म्याला चुना लागलाय."

दुसऱ्याच दिवशी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग, जिथून आपण चेहरे ओळखतो, अक्षरं वाचतो, तो वयामुळे बिघडला होता. तिथं पाणी साचलं होतं. नवा चष्मा त्याला पुरणार नव्हता. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं उणं झाकतो, म्हणून इतके दिवस कळलंच नाही. उजव्या डोळ्याला इंजेक्शनं सुरू झाली. गेलेली नजर सगळी परत येईल, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. उरलेली राखायची आणि डाव्यावर लक्ष ठेवायचं.

भिंत शेवटी अंबादासनं बांधली, खाली मान घालून. मी मात्र चौकटीलाच राहिलो. मित्रांनो, 'वय झालं' म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हसू नका. एकेक डोळा झाकून त्यांना दाराची कड बघायला सांगा आणि ती वाकडी दिसली तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

रोज सकाळी चहाआधी मिस्त्री माझ्यासमोर येतात. उजवा डोळा तळहातानं झाकतात. "डाव्यानं कशी दिसते?" संघमित्रा विचारते. ते उत्तर देईपर्यंत माझ्या जिवाची घालमेल होते. पण तेवढा वेळ मी, जन्माचा चुळबुळ्या, जराही हलत नाही.