पडद्यावरची पाल

"अहो, ढग आहे तो! कापूस पिंजायला बसलाय का?"

पेंटरने हात थांबवला. म्हणजे थांबवायला गेला. हात कुठला थांबतोय! ओलं फडकं कापडावर फटफट आपटत राहिलं आणि निळ्या आभाळात पांढऱ्या डागांची रांग उठली.

"हा काय ढग म्हणायचा?" पेंटरीणकाकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "कुणीतरी दात घासून चूळ टाकलीय."

"तू गप गं. मला शिकवते! मी शिकवलं तुला."

"शिकवलंत ना? मग आता परत घ्या शिकून. तीन आठवडे राहिलेत."

खरी गोष्ट घरातली दोन माणसं आणि एक भाची, एवढ्यांनाच ठाऊक होती. पेंटर फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचा. बाग, महाल, तळ्यावरचा चंद्र, असे. त्यांच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढून घेतात. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि तेव्हापासून सगळे पडदे काकूच रंगवत होत्या. पेंटर खुर्चीत बसून "निळा जरा चढव" म्हणायचा आणि पडदा वाळला की खाली स्वतःचं नाव टाकायचा. नावापुरता हात कसाबसा चालायचा. गिऱ्हाइकाला काय, चंद्र गोल असला म्हणजे झालं.

घोळ घातला भाचीने. तिने मोबाइलवर काढलेले पडद्यांचे फोटो मामाच्या नावाने एका युनिव्हर्सिटीला पाठवून दिले आणि तिथून पत्रच आलं. निवासी कलावंत म्हणून दोन महिने या. राहायला खोली, कामाला मोठा हॉल. अट एकच, विद्यार्थ्यांसमोर रंगवायचं.

पत्र वाचून पेंटरचा डावा हातही कापायला लागला.

फडक्याचा सराव काही जमेना, तेव्हा तोड काकूंनीच काढली. "मी येते ना मदतनीस म्हणून. तुम्ही बोला मोठंमोठं, फडकं मी मारते. कुणी विचारलंच तर सांगा, खांदा धरलाय."

आणि काकूंनी आपल्या कपड्यांचे दोन जोड इस्त्री करून बॅगेत ठेवूनसुद्धा टाकले. त्यांना तो हॉल बघायचा होता. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पडदा छताला टांगला की तीन पावलं मागे सरकेपर्यंत पाठ भिंतीला टेकायची. आख्खा पडदा लांबून कसा दिसतो, हे त्यांना गिऱ्हाइकाकडून कळायचं. आणखी एक कारण होतं, ते त्या कुणाला सांगत नव्हत्या. मदतनीस तर मदतनीस, पण चार लोकांसमोर ब्रश त्यांच्या हातात दिसणार होता.

निघायला आठ दिवस असताना युनिव्हर्सिटीतल्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. भाचीने लॅपटॉप टेबलावर मांडला. पेंटर समोर बसला, काकू लॅपटॉपच्या मागे. खुणा ठरल्या होत्या. काकूंनी कान धरला की 'हो' म्हणायचं, नाकाला बोट लावलं की 'नाही', आणि डोकं खाजवलं की विषय बदलायचा.

सुरुवात झकास झाली. मॅडम विचारत होत्या, काकू कान-नाक करत होत्या, पेंटर उत्तरं देत होता. भाची तोंडात ओढणी कोंबून बसली होती.

मग मॅडम म्हणाल्या, "तुमच्या प्रत्येक पडद्यावर एक पाल आहे. कधी खांबावर, कधी कमानीच्या कोपऱ्यात. तिच्याबद्दल सांगा ना."

"पाल?" पेंटर म्हणाला.

ती पाल काकूंची खोडी होती. स्वतः रंगवलेल्या पहिल्याच पडद्यावर त्यांनी बोटभर पाल काढून ठेवली होती. नवरा बघेल, बोंबलेल, "पूस ती घाण" म्हणेल, मग पोट धरून हसायचं. नवऱ्याने पालीपासून वीतभर अंतरावर आपलं नाव टाकलं आणि उठून गेला. दुसऱ्या पडद्यावर काकूंनी पाल जरा मोठी काढली. बेचाळीस पडदे झाले. बेचाळीस पाली. हसायचं राहूनच गेलं.

आता पेंटर खुणेसाठी काकूंकडे बघत होता. काकू हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होत्या.

पेंटरने घसा साफ केला. गडी बोलण्यात मुळीच कच्चा नव्हता. "मॅडम, ती पाल म्हणजे मीच. लोक आले, हसले, फोटो काढून घेऊन गेले. मी आपला तिथंच, भिंतीला चिकटून."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यात पेंटरचा हात टेबलावर थडथडला आणि त्याने तो झटकन खाली घेतला.

"लपवू नका," मॅडम म्हणाल्या. "आमच्या मुलांना हाच हात बघू दे. चुकला तर चुकू दे. आणि तुम्ही मदतनीस आणणार असं लिहिलंय, तो नको. दुसऱ्याचा हात लागला की मजा जाते. बरं, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मिसेस."

"त्याही रंगवतात का?"

काकूंनी कान धरला. पेंटरने पाहिलं. काकूंनी दुसराही कान धरला. शाळेत शिक्षा झाल्यासारख्या दोन्ही कान धरून त्या बसून राहिल्या.

"छे छे," पेंटर म्हणाला. "तिला त्यातलं काही कळत नाही. घर बघते."

लॅपटॉप मिटला. भाची चपला घालून निघून गेली.

"जमलं की गं!" पेंटर म्हणाला.

"दोन्ही कान धरले होते मी."

"अगं, मग काय सांगू? सगळंच मुसळ केरात गेलं असतं." मग खुर्ची जवळ ओढून, लाडात आल्यासारखा, "ऐक ना. ती पाल तेवढी शिकव मला. तिथं काढायला लावतील."

काकूंनी शिकवली. आधी पाठीचा बाक, मग शेपटी, मग पाय. त्याच्या कापऱ्या हातातून उतरलेली पाल वळवळत निघाल्यासारखी दिसत होती. काकूंच्या पालीपेक्षा जिवंत. काकूंनी ते त्याला सांगितलंसुद्धा. मग आत जाऊन बॅगेतले आपले दोन जोड काढले आणि त्या जागी त्याचे रंगाचे डबे बसवले.

आठव्या दिवशी सकाळी युनिव्हर्सिटीची गाडी आली आणि पेंटरला घेऊन गेली.

दुपारी काकू मागच्या खोलीत गेल्या. एका स्टुडिओला महालाचा जिना हवा होता, परवापर्यंत. त्यांनी शिडी लावली, दोन पायऱ्या चढल्या, शिडी डुगडुगली. नऊ वर्षं ती धरायचं काम पेंटरकडे होतं. त्या खाली उतरल्या. छताचा पडदा सोडला आणि जमिनीवर अंथरला. खोलीत मावेना, तेव्हा गल्लीकडची दोन्ही दारं उघडली आणि वरचा अर्धा भाग सरळ गल्लीत पसरला.

खालच्या पायरीपासून गुडघ्यांवर सरकत त्या रंगवत निघाल्या. उंबरा ओलांडून उन्हात आल्या. सायकलवाले उतरून कडेने जाऊ लागले. दोघं-तिघं थांबलेही. आख्खा जिना लांबून कसा दिसतोय, ते त्या थांबलेल्यांना दिसत होतं.

"वा काकू!" समोरचा शिंपी मशीन थांबवून ओरडला. "काका गेले तर त्यांचं काम तुम्ही उरकताय वाटतं! जमतंय का?"

"शिकतेय," काकू म्हणाल्या.

"काकांची सर नाही यायची, पण बरं आहे हं!"

काकूंनी सगळ्यात वरच्या पायरीची कड ओढली, तिच्याखाली सावली भरली आणि ब्रश डब्यात ठेवला. रंग ओलाच होता. तरी काकू त्या पायरीवर, भर गल्लीत, बसल्या.