तातांगने अडवलेला पूल

"तातांग, बाजूला व्हा ना! तिकडे चर्चमध्ये लोक खोळंबलेत," माझा थोरला भाऊ दोमिंग जीपनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तिसऱ्यांदा ओरडला.

पुलाच्या तोंडाशी आमच्याच स्वयंपाकघरातलं लांब बाकडं आडवं टाकलं होतं आणि त्यावर माझे वडील, आमचे तातांग, बसले होते. अंगात लग्नासाठी मुद्दाम शिवलेला पांढरा बारोंग सदरा, पण पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली आणि पाय चिखलाने माखलेले. हातात भला मोठा बांबू. मागच्या जीपनीत मी नवरीच्या वेशात बसले होते. डिसेंबर शहाऐंशी. नदीच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे चर्च आणि माझा नवरा होणारा तेमियो.

"गाड्या जाणार नाहीत," तातांग शांतपणे म्हणाले. "तिसऱ्या खांबाखालची माती गेलीय."

आठ दिवसांपूर्वीच्या वादळात नदीला मोठा पूर येऊन गेला होता. आज पुलावरून पाहुण्यांच्या एवढ्या गाड्या जाणार म्हणून तातांग पहाटेच उठून पाहणी करायला आले होते. कठड्याला गाल लावून, एक डोळा मिटून त्यांनी पलीकडपर्यंत नजर टाकली. तिसऱ्या खांबावर कठडा दोन बोटं खचलेला दिसला. मग बारोंग काठावर काढून ठेवून ते छातीभर पाण्यात उतरले आणि खांबाच्या बुडाशी बांबू खुपसला. तो काँक्रीटवर आपटायला हवा होता. तो सरळ आत गेला, हातभर.

आमच्या गावात दोन कॅप्टन होते. एक मतांवर निवडून आलेले गावप्रमुख, कापितान इलुस्त्रे. दुसरे माझे वडील आनाक्लेतो मादारांग. सैन्याच्या इंजिनियर दलात शिपाई म्हणून भरती झाले आणि तीस वर्षांनी कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. हा पूल त्यांनीच चौसष्ट साली, तरुण लेफ्टनंट असताना, आपल्या तुकडीकडून बांधून घेतला होता.

निवडून आलेले कॅप्टन आता गाडीतून उतरले. "अहो, कालच उसाचे ट्रक गेले यावरून. बुडाला का एखादा?"

"काल मला माहीत नव्हतं."

"पूल सरकारचा आहे, तुमच्या घरचा नाही!"

"पूल सरकारचा. बाकडं माझं. आणि त्या दुसऱ्या गाडीत तुमची बायकोही आहे."

गाडीतल्या बाई लगबगीने खाली उतरल्या. लोक हसले, पण मनापासून कुणी हसलं नाही. उन्ह चढत होतं, गाय कापून झाली होती, भाताची पातेली चुलीवर होती. माझी आई, नानांग, झगा सावरत पुढे आली.

"लाकाय," ती म्हणाली. लाकाय म्हणजे म्हातारा. आमच्याकडच्या बायका नवऱ्याला अशीच हाक मारतात. "आज लग्न तुझ्या लेकीचं आहे, पुलाचं नाही."

"दीड तास दे. पलीकडे नेतो सगळ्यांना."

माझा धीर सुटला. मी खाली उतरले आणि सगळ्या गावासमोर बोलले, "जन्मभर लोकांचे पूल बांधत हिंडलात. अकरा वर्षं पार दक्षिणेला मिंदानाओत रस्ते करत होतात, तेव्हा मी इथे वाट बघत मोठी झाले. आणि आज माझ्या वाटेत आडवे बसलात!"

हे बोलायला नको होतं. वडील रजेवर घरी आले की आमच्या शाळेच्या स्कर्टांना स्वतः इस्त्री करायचे. पट्टी ठेवून एकेक चुणी पाडायचे, आणि नानांगला हातही लावू द्यायचे नाहीत. ताप आला की उशाशी बसून आमच्या केसांतून बोटं फिरवायचे. सगळं ठाऊक असूनही बोलले. तातांगने माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे जरा ओलावले असावेत, पण आवाज तोच.

"रड. पण आधी बूट काढ. तराफ्यावर टाच घसरते."

उसाच्या घाण्यावरची आठ रिकामी पिंपं आली, बांबू आले, दोर आले. मघाशी शिव्या घालणारी माणसंच तातांग सांगतील तशा गाठी मारू लागली. ते ओरडत नसत. गाठीवर नुसतं बोट ठेवत, की माणूस ती सोडून पुन्हा बांधायचा. सव्वा तासात तराफा पाण्यावर होता. मधोमध खुर्ची ठेवून त्यांनी मला बसवलं. माझे बूट माझ्या मांडीवर. पाणी छातीच्या वर जाईपर्यंत ते तराफ्याला धरून चालले, मग दोर धरून पोहत आले.

पलीकडच्या काठावर तेमियोला दम धरवला नाही. तो कमरेपर्यंत पाण्यात उतरून मला घ्यायला आला आणि तशाच ओल्या पँटने वेदीसमोर उभा राहिला. लग्न तीन तास उशिरा लागलं. फादरनी तेवढ्यात दोनदा खाऊन घेतलं होतं.

दुपारी सगळं वऱ्हाड तराफ्यानेच जेवायला इकडे आलं. माझ्या सासूबाई छत्री उघडून, डोळे घट्ट मिटून, जपमाळ ओढत बसल्या होत्या. उसाच्या दारूचे दोन पेले पोटात गेल्यावर मात्र म्हणाल्या, "विहीणबाई, जाताना मला पुढे बसवा हं. येताना काही दिसलंच नाही."

आणि पूल? पूल पडला नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही.

तातांगने दोन्ही तोंडांशी नारळाची खोडं पुरून गाड्या बंद केल्या. चालणाऱ्यांना एका वेळी पाच जण, एवढीच मुभा. सरकारी कचेरीत पत्रांवर पत्रं धाडली. ऊस तोडणीला आलेला. बागायतदारांना लांबच्या वाटेने डोंगराला वळसा घालावा लागे. ते बाजारात नानांगशी बोलेनासे झाले. "काय कॅप्टन, आज पडतोय की उद्या?" असं येताजाता कुणीही विचारायचं.

"मला कळवून पडणार नाही तो," तातांग म्हणायचे आणि बाकड्यावर सरकून विचारणाऱ्यालाच बसायला जागा करून द्यायचे.

एप्रिलमध्ये नदी आटली, तेव्हा कचेरीने एफ्रेन नावाचा एक तरुण इंजिनियर पाठवला. तिसऱ्या खांबाभोवती खणायला मजूर लावले. निम्मं गाव काठावर गोळा झालं. मीही माहेरी आले होते. दोन दिवस खणल्यावर खांबाच्या पायाखाली पोकळी उघडी पडली, माणूस मांडी घालून बसेल एवढी. एफ्रेन टेप घेऊन आत शिरला आणि बाहेर आला तो घाम पुसतच.

"सर, एक भरलेला ट्रक, आणि..."

कापितान इलुस्त्रेंनी डोक्यावरची टोपी काढली. "कॅप्टन, तुमचं खरं निघालं. आम्ही नाही नाही ते बोललो."

मला वाटलं, आता तातांग हसतील, निदान मान तरी ताठ करतील. चार महिन्यांचं उट्टं काढायचा हक्क होता त्यांना. ते खड्ड्यात उतरले. पोकळीच्या तोंडाशी एक काळपट, गुळगुळीत धोंडा होता, बैलाएवढा. त्यावर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले.

"लिहून घे," ते एफ्रेनला म्हणाले. "चौसष्ट साली इथे हा धोंडा लागला. मी तळचा खडक समजलो. आणखी दोन वाव खणायला हवं होतं. उद्घाटनाची तारीख तोंडावर आली होती, मी खणलं नाही. चूक नदीची नाही. माझी आहे."

एफ्रेन हळूच म्हणाला, "सर, पुरामुळे झालं एवढं लिहिलं तरी चालतं. कुणी विचारत नाही."

"अरे, उद्या नवा पूल तूच बांधणार. धोंड्यावर पाया ठेवला की काय होतं हे कागदावर नको? लिही. नाव आनाक्लेतो मादारांग, हुद्दा तेव्हा लेफ्टनंट."

पोराने लिहिलं. तातांगने खाली सही केली आणि पेन झटकून परत दिलं.

घरी परतताना नानांग म्हणाली, "आता साऱ्या गावाला कळलं, लाकाय."

"हो."

"बरं वाटतंय का?"

"भूक लागलीय."

त्या दुपारी त्यांनी वांगी-कारल्याच्या भाजीशी तीनदा भात घेतला. मी वाढता वाढता विचारलं, "तातांग, तुम्हाला आधीपासून शंका होती?"

"नाही गं. बांबू आत गेला ना, त्या क्षणी तो धोंडा डोळ्यांपुढे आला. बावीस वर्षांनी, रंगासकट." घास गिळून ते म्हणाले, "आणि मग तू, मागच्या गाडीत बसलेली."

नवा पूल दोन वर्षांनी झाला. एफ्रेन रोज चहाला आमच्याकडे यायचा. दोघं मिळून भांडायचे आणि मग भांडण विसरून जेवायचे. नव्या पुलाच्या पाटीवर पुढाऱ्यांची नावं लागली. तातांग पाटी वाचून म्हणाले, "अक्षर छान आहे."

पुढे ते सव्वीस वर्षं जगले. नातींच्या स्कर्टांना चुण्या पाडल्या, नानांगशी रोज एक तरी वाद घातला, लसणाच्या वेण्या विणून माडीला टांगल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जानेवारीच्या एका सकाळी, लसूण विणत असतानाच खुर्चीत मान कलली. नानांग समोरच बसली होती. तिला वाटलं, डुलकी लागली.

दफनाला सैन्याने इंजिनियर दलाचे सहा जवान पाठवले. त्यांनी बंदुका झाडल्या, शवपेटीवरचा झेंडा उचलून त्याची त्रिकोणी घडी घातली आणि ती नानांगच्या हातात दिली. घरी आल्यावर नानांगने घडी तातांगच्या खुर्चीत ठेवली आणि पदर खोचल्यासारखा झगा खोचून वाढायला लागली. "आधी ही पोरं जेवू देत. लांबून आलीत."

पाच जण बसले. सहावा, सगळ्यांत लहान, ताट हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला. घरात दुसरी खुर्ची रिकामी नव्हती. नानांगने त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग झेंड्याची घडी उचलून काखेत धरली.

"बस रे बाळा, निवांत जेव."

तो अवघडत बसला. नानांग घडी काखेत धरून एका हाताने भात वाढत राहिली. मी ती घ्यायला पुढे झाले, तेव्हा तिने मान हलवली आणि दुसऱ्या ताटाकडे वळली.