बंद दारापुढची गोष्ट

"कुणाला खरं वाटायचं नाही, पण शपथेवर सांगतो," मधवाला म्हातारा टोपलीवालीच्या अंगणात बूड टेकत म्हणाला, "जंगलात असताना अस्वलं माझ्याकडून मध उसना न्यायची. परत मात्र एकानंही केला नाही!"

एरवी टोपलीवाली खो-खो हसली असती. आज तिची नजर दारावर खिळली होती. सकाळपासून तिची धाकटी पोरगी कडी लावून आत होती. उन्हानं पत्रे तडतडत होते, वारा पडला होता, आणि आतून भांड्याचासुद्धा आवाज नव्हता.

जंगल बंद झालं तेव्हा सरकारनं वस्ती उचलून या पत्र्याच्या खोल्यांत आणून कोंबली. तिकडं दारं नव्हती, चटया होत्या. चटई खाली सोडली की माणसाला एकटं बसायचंय; कुणी हाक मारायची नाही, ही रीत. सांजेला चटई आपसूक वर जायची. इथं दारं आली, आतून कड्या आल्या, रीत तेवढी तीच राहिली. गेल्या उन्हाळ्यात टोपलीवालीच्या थोरल्या पोरानं कडी लावली. रीत पाळून ती बाहेर बांबू सोलत बसली. शेवटी दार तोडावं लागलं. वस्तीतलं वर्षभरातलं कडीआडचं ते तिसरं मरण. मग कागदवाल्या बाई आल्या, "कारण काय?" म्हणाल्या. रकाना बोटभर. जंगल त्यात मावेना.

"बाबा, हाक मारू का हो?"

"मी तरी कुठं हाक मारतोय? म्हातारा बहिरा झालाय, गोष्ट जरा मोठ्यानं सांगतोय." आणि दाराकडं तोंड करून तो गरजला, "तर हिचा थोरला! कसला बहाद्दर! ढगाला टेकलेल्या झाडावर सरसर चढला. पोळं काखेत मारलं, एक माशी डसली असेल तर शपथ!"

आत सामसूम.

टोपलीवालीनं कोयता उचलला. म्हाताऱ्यानं तिला अडवलं नाही. आवाज मात्र चिरकला. "उतरताना खाली वाघ! हा बसला की त्याच्या पाठीवर! आला घरी, बहिणीला म्हणाला, घे बाय, तुझ्यासाठी मध काढलाय!"

कोयत्याचं पातं तिनं दाराच्या फटीत घातलं. सगळा जोर लावणार, तोच आतून घोगरा, रडका, चिडलेला आवाज आला.

"खोटं! साफ खोटं! दादा कधी झाडावर चढलाच नाही. वर मी चढायचे, तो खाली उभा राहून रडायचा!"